औषधासाठी घडविलेले प्राणी : परवानगी आणि उत्तरदायित्व

जुम्याच्या नमाजनंतर एका परिचित गृहस्थांनी मला मशिदीच्या आवारात थांबविले. त्यांचे धाकटे बंधू आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जातात. घरातील कोणाचेही मूत्रपिंड त्यांना जुळलेले नाही. अमेरिकेत डुकराचे मूत्रपिंड माणसाला बसविल्याची बातमी त्या गृहस्थांच्या वाचनात आली होती. त्यांनी विचारले, "उद्या हा उपचार आपल्याकडे आला, तर आम्ही काय करावं? तसलं मूत्रपिंड अंगात असताना नमाज होईल का?"

त्यांचा बारावीत शास्त्र शाखेत शिकणारा मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "अब्बा, आणि त्या जनावराचं काय? ते तर कापण्यासाठीच तयार केलेलं असतं ना?" वडील किंचित रागावले. "डुकराची कसली आलीय दया?" असे म्हणून त्यांनी त्याला गप्प केले.

वडिलांचा प्रश्न हलाल-हरामचा होता. मुलाचा प्रश्न जुलूम आणि दयेचा होता. पहिल्या प्रश्नावर आपल्या फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, शतकानुशतके विचार केलेला आहे आणि त्याचे उत्तर शोधताना हाताशी पुष्कळ आधार सापडतात. दुसरा प्रश्न आपण बहुधा विचारतच नाही. परंतु इस्लामी शिकवणीत दोन्ही प्रश्नांना स्थान आहे, आणि एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्यातून आपली सुटका होत नाही. प्रस्तुत लेख हा फतवा नव्हे. प्रत्यक्ष प्रसंगी निर्णय जाणकार मुफ्ती आणि विश्वासू डॉक्टर यांच्या विचारानेच घ्यावयाचा असतो. या विषयाचा विचार कोणत्या क्रमाने करावा, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

नेमके काय घडत आहे?

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीच्या सूचना जनुकांच्या रूपाने साठविलेल्या असतात. प्राणी भ्रूणावस्थेत असतानाच त्यातील एखादे जनुक निकामी करणे किंवा दुसऱ्या सजीवाचे जनुक त्यात घालणे आता शक्य झाले आहे. वैद्यक आणि संशोधन यांत अशा प्राण्यांचा उपयोग कसा होतो, हे तीन उदाहरणांवरून समजून घेऊ.

पहिले उदाहरण शेळीचे आहे. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे एक प्रथिन काही लोकांच्या शरीरात जन्मतःच कमी असते. शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांसारख्या प्रसंगी अशा रुग्णांच्या जिवाला धोका संभवतो. मानवी जनुक घातलेल्या शेळ्यांच्या दुधात हे प्रथिन उतरते आणि ते वेगळे काढून औषध बनविता येते. या औषधाला युरोपात २००६ साली आणि अमेरिकेत २००९ साली मान्यता मिळाली. शेळीचे दूध इतर शेळ्यांप्रमाणेच काढले जाते.

दुसरे उदाहरण डुकराचे. डुकराचे अवयव आकाराने माणसाच्या अवयवांच्या जवळ जातात आणि हा प्राणी लवकर वाढतो. मात्र डुकराच्या पेशींवर अशी एक शर्करा असते की तिला ओळखून मानवी शरीर तो अवयव काही मिनिटांत किंवा तासांत नष्ट करू लागते. ती शर्करा निर्माण करणारे जनुक निकामी केल्यावर हा मार्ग खुला झाला. ७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात एका ५७ वर्षांच्या रुग्णाला अशा डुकराचे हृदय बसविण्यात आले. त्या डुकरात दहा जनुकीय बदल केलेले होते. चार जनुके निकामी केली होती आणि सहा मानवी जनुके घातली होती. या कार्याचे नेतृत्व करणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. मुहम्मद मोहिउद्दीन, हे कराचीत वैद्यकीय शिक्षण घेतलेले मुस्लिम शास्त्रज्ञ आहेत. रुग्ण दोन महिने जगला. त्या हृदयात डुकरांमध्ये आढळणाऱ्या एका विषाणूचा अंश असल्याचे नंतर स्पष्ट झाले. मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या एका रुग्णालयात ६९ जनुकीय बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड ६२ वर्षांच्या रुग्णाला बसविण्यात आले. तो रुग्णही सुमारे दोन महिन्यांनी मरण पावला, परंतु त्याचा मृत्यू त्या मूत्रपिंडामुळे झाल्याचे दिसत नाही, असे रुग्णालयाने सांगितले. म्हणजेच हा उपचार अद्याप प्रयोगाच्याच अवस्थेत आहे.

तिसरे उदाहरण उंदराचे. त्याच्याविषयी मशिदीच्या पायरीवर कोणी विचारत नाही. पण त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यावेच लागेल.

अल्लाहच्या निर्मितीत बदल?

या विषयावर पहिला आक्षेप येतो तो सूरह निसाच्या आयत ११९ चा. सैतानाने माणसांना बहकविण्याची जी प्रतिज्ञा केली, तिच्यात त्यांना गुरांचे कान चिरावयास लावीन आणि अल्लाहच्या निर्मितीत बदल करावयास लावीन, असा आशय आहे. मग जनुक बदलणे हे सैतानाचेच काम नव्हे काय, असे अनेक श्रद्धावंत बंधू-भगिनींना प्रामाणिकपणे वाटते.

या आयतीचा संदर्भ पाहणे अगत्याचे आहे. अज्ञानकाळातील अरब लोक काही उंटिणींचे कान चिरून त्यांना देवदेवतांच्या नावाने सोडून देत. सूरह माइदहच्या आयत १०३ मध्ये या प्रथेचे नाव घेऊन खंडन केलेले आहे. अनेक भाष्यकारांनी येथे निर्मितीतील बदल म्हणजे अल्लाहने दिलेला नैसर्गिक धर्म बदलणे असा अर्थ घेतला; काहींनी शरीराची निरर्थक विद्रूपता असा घेतला. प्रत्येक बदल हराम आहे असा अर्थ घेतला, तर आपल्याच परंपरेतील अनेक गोष्टींचा उलगडा होणार नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोन खच्ची केलेल्या मेंढ्यांची कुर्बानी दिल्याचे हदीसमध्ये आलेले आहे. हनफी फुकहांनी उपयोगासाठी जनावर खच्ची करण्यास हरकत मानलेली नाही.

खेचराचे उदाहरण तर अधिक विचार करावयास लावणारे आहे. घोडी आणि गाढव यांच्या संकरातून माणसाने मिळविलेला हा प्राणी. सूरह नहलच्या आयत ८ मध्ये घोडे आणि गाढवांबरोबर खेचरांचा उल्लेख अल्लाहची देणगी म्हणून येतो. स्वतः प्रेषित (स.) खेचरावर बसत असत. मात्र सहाबांनी, आपणही असा संकर करून खेचरे मिळवावीत काय, असे विचारले, तेव्हा ज्यांना समज नाही ते असे करतात, असे उत्तर त्यांनी दिल्याचे अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. जो प्राणी जन्मला आहे त्याचा उपयोग घेणे वेगळे. आणि आपल्या सोयीसाठी तसा प्राणी जन्माला घालीत राहणे, त्यामुळे घोड्यांसारख्या उत्तम जातीची हानी होऊ देणे, हे वेगळे. हा फरक आजच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणारा आहे.

इन्सुलिनची गोष्टही लक्षात घ्यावी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून मधुमेहाचे रुग्ण गाई आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगत होते. १९८२ साली मानवी जनुक घातलेल्या जिवाणूंकडून तयार केलेल्या इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज आपल्या घरांतील फ्रिजच्या दारात जी इन्सुलिनची कुपी दिसते, ती बहुधा याच विद्येची देणगी आहे. जनुकांच्या ज्ञानाने येथे मुस्लिम रुग्णाला हरामाच्या चिंतेतून सोडविले आणि प्राण्यांचीही सुटका केली. ज्या विद्येने हे घडले, ती सर्वस्वी सैतानी कशी म्हणावी?

त्याच विद्येने दुसरीकडे रात्रीच्या रंगीत दिव्याखाली चमकणारे मासे निर्माण केले आणि अमेरिकेत २००३ सालापासून ते शोभेसाठी विकले जाऊ लागले. तंत्र एकच, पण एकीकडे आजाऱ्याचा जीव आहे आणि दुसरीकडे दिवाणखान्याची करमणूक. म्हणून बदल झाला की नाही, एवढ्यावरून निवाडा होत नाही. तो कशासाठी झाला, आणि ज्याच्यात झाला त्याच्यावर काय गुदरले, हे पाहावे लागते.

निकड आणि तिची मर्यादा

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. डुकराचे मांस हराम आहे आणि बहुसंख्य फुकहांच्या मते तो प्राणी नजिस, म्हणजे अपवित्र आहे. याविषयी आपल्याकडे शंका नाही. पण ज्या सूरह बकरहच्या आयत १७३ मध्ये हे मांस निषिद्ध ठरविले, त्याच आयतीत नाइलाजाने अडलेल्या माणसाला सूटही दिलेली आहे. अट एवढीच की, त्याच्या मनात अवज्ञा नसावी आणि गरजेपेक्षा अधिक त्याने घेऊ नये.

प्रेषितांच्या काळातील एक प्रसंग या संदर्भात अत्यंत मोलाचा आहे. अरफजा (रजि.) नावाच्या सहाबींचे नाक अज्ञानकाळातील एका लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवून घेतले. पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषाला सोने वापरणे निषिद्ध असताना ही अनुज्ञा मिळाली. त्याचप्रमाणे अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि जुबैर (रजि.) यांना अंगाच्या खाजेमुळे रेशीम वापरण्याची परवानगी देण्यात आली. शरीराची व्यथा दूर करण्यासाठी शरीअत किती सहृदयतेने वाट काढते, हे यावरून दिसते. मात्र अरफजांनी आधी चांदी वापरून पाहिली होती. अनुज्ञा मिळाली ती पर्याय अपुरा पडल्यानंतर.

पुढील काळात इमाम नववी यांनी लिहिले की, तुटलेले हाड जोडण्यासाठी पवित्र वस्तू मिळाली नाही आणि नजिस वस्तूने ते जोडावे लागले, तर तो मनुष्य क्षम्य आहे. भारतातील इस्लामिक फिकह अकादमीच्या १९८९ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या परिसंवादात अवयव प्रत्यारोपणाचा विचार झाला. प्राण किंवा अवयव गमावण्याचा गंभीर धोका असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर हराम प्राण्याच्या अवयवाचा आधार घेण्यास वाव देण्यात आला. असा धोका नसेल तर डुकराच्या अवयवाचा उपयोग जायज मानला गेला नाही.

तेव्हा वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे स्पष्ट होते. जीव वाचविण्यासाठी दुसरा मार्ग उरला नसेल आणि विश्वासू डॉक्टरांनी लाभाची आशा सांगितली असेल, तर ज्याला अल्लाहने सवलत दिली त्याने स्वतःला गुन्हेगार समजू नये. असा अवयव शरीरात असताना त्याची नमाज होते. तो क्षम्य आहे. सूरह माइदहच्या आयत ३२ मध्ये एका जिवाला वाचविणे हे सर्व मानवजातीला वाचविण्यासारखे मानले आहे. हराम वस्तूचा तिरस्कार करता करता हराम मृत्यू ओढवून घेणे, ही धर्मनिष्ठा नव्हे.

पण निकडीची परवानगी निकडीपुरतीच असते, हाही शरीअतचाच नियम आहे. हृदयाची झडप बदलावयाची असेल तर डुकराच्या झडपेबरोबरच गाईगुरांच्या हृदयावरणापासून बनविलेली आणि धातूची झडपही उपलब्ध असते. तेथे रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना विचारले पाहिजे. पर्याय हाताशी असताना निकडीचे नाव घेता येत नाही. आणि प्रयोगाच्या अवस्थेतील उपचाराला सिद्ध उपचार समजून धावणे हेही धोक्याचे. १९९७ साली आसाममधील एका शल्यचिकित्सकांनी डुकराचे हृदय, जनुकीय बदल न करता, एका रुग्णाला बसविले. रुग्ण सुमारे आठवडाभरात दगावला आणि डॉक्टरांना अटक झाली. एक हानी दूर करताना तेवढीच किंवा तिच्याहून मोठी हानी ओढवून घेऊ नये, हा नियम अशा प्रसंगांसाठीच आहे.

डुकराची दया

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. निकडीच्या नियमाने रुग्णाला सूट मिळाली. पण ती सूट खाण्याच्या, वापरण्याच्या, शरीरात घेण्याच्या निषेधातून मिळाली. प्राण्याशी कसे वागावे, या आज्ञेतून आपल्याला कोणी सूट दिली? हे दोन वेगवेगळे हिशेब आहेत आणि आपण ते एकत्र करून टाकतो.

डुक्कर हराम आहे, म्हणजे त्याचे मांस आपल्यासाठी निषिद्ध आहे. त्याला छळणे हलाल आहे, असा त्याचा अर्थ कोणत्याही आलिमाने कधी सांगितलेला नाही. सूरह अन्आमच्या आयत ३८ मध्ये पृथ्वीवर चालणारे सर्व प्राणी आणि पंखांनी उडणारे सर्व पक्षी हे तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असा आशय येतो. त्या आयतीत कोणताही प्राणी वगळलेला नाही. कुत्र्याच्या उष्ट्याबद्दल आपल्याकडे किती सावधगिरी सांगितली आहे, हे प्रत्येक घराला माहीत आहे. तरीही तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने क्षमा केली, हे प्रेषितांनी (स.) सांगितले आणि प्रत्येक सजीवाशी दया करण्यात पुण्य असल्याचे स्पष्ट केले. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला त्याच कारणाने शिक्षा झाल्याचेही त्यांनीच सांगितले. नजासत हा आपल्या शुद्धतेचा विषय आहे. त्या प्राण्याच्या वेदनेची किंमत तिने कमी होत नाही.

प्रत्यारोपणासाठी वाढविलेल्या डुकरांना विषाणूंचा संसर्ग होऊ नये म्हणून अनेकदा आईचे पोट चिरून जन्म दिला जातो आणि आईपासून दूर, बंदिस्त, निर्जंतुक जागेत वाढविले जाते. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी ही दक्षता आवश्यक आहे, हे मान्य. परंतु डुक्कर हा कळपात राहणारा, माती उकरणारा, बुद्धिमान प्राणी आहे. ज्याला कधी मातीचा स्पर्शही होत नाही अशा त्या जिवाने आपल्यासाठी काय सोसले, याची किमान जाणीव तरी आपल्याला हवी. प्रेषितांनी (स.) जनावर कापताना सुरी धारदार करण्यास आणि त्याला आराम देण्यास सांगितले. कत्तलीच्या शेवटच्या क्षणासाठी जर इतकी काळजी आवश्यक असेल, तर त्या क्षणापूर्वीचे सर्व आयुष्य काळजीवाचून सोडता येईल काय?

सातव्या हिजरी शतकातील थोर आलिम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी प्राण्यांचे माणसावरील हक्क सविस्तर लिहून ठेवले आहेत. प्राणी म्हातारा किंवा आजारी होऊन निरुपयोगी झाला तरी त्याच्यावर खर्च करणे, त्याच्या शक्तीपलीकडे ओझे न लादणे, ज्यामुळे त्याला इजा होईल अशांबरोबर त्याला न ठेवणे, हे सर्व त्यांनी हक्क म्हणून मांडले. दया म्हटली की ती आपल्या मर्जीवर अवलंबून राहते. हक्क म्हटला की त्याचा जाब द्यावा लागतो.

ज्याच्याविषयी कोणी विचारत नाही

आता उंदराकडे येऊ. १२ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाला एका उंदरावर पेटंट मिळाले. त्या उंदरात असे जनुक घातले होते की त्याला कर्करोग होण्याचा संभव फार वाढावा, म्हणजे रोगाचा आणि औषधांचा अभ्यास करता येईल. त्यानंतर मधुमेहाचे, स्मृतिभ्रंशाचे आणि इतर शेकडो विकारांचे उंदीर घडविण्यात आले. उंदरातील विशिष्ट जनुक निकामी करण्याच्या पद्धतीबद्दल तीन शास्त्रज्ञांना २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोरोनाच्या साथीत साध्या उंदरांना त्या विषाणूची लागण सहज होत नव्हती. तेव्हा पूर्वी सार्सच्या अभ्यासासाठी मानवी जनुक घालून तयार केलेले उंदीर पुन्हा उपयोगी पडले. आपण घेत असलेल्या अनेक औषधांमागे हे इवलेसे जीव उभे आहेत. हा उपकार नाकारणे कृतघ्नपणा होईल.

परंतु शेळी, डुक्कर आणि उंदीर यांची तुलना करून पाहा. शेळीला आपण दूध मागितले. तिला त्याची इजा नाही. डुकराकडून आपण त्याचा प्राण घेतला; पण तोपर्यंत तो निरोगीच असावा लागतो. उंदराच्या बाबतीत मात्र आजारपण हाच त्याच्या जन्माचा हेतू आहे. त्याला रोग झाला नाही, तर प्रयोग फसला. शिवाय असे उंदीर निपजविताना हवे ते जनुक न उतरलेली पुष्कळ पिल्ले जन्मतात आणि त्यांतील अनेक मारून टाकली जातात.

डुकराच्या मूत्रपिंडाची बातमी वाचून आपली झोप उडते. या उंदराविषयी आपण निश्चिंत असतो. कारण उंदीर आपल्या शरीरात शिरत नाही. आपल्या शरीरात काय येते, याची आपण चिंता केली. आपल्या हातून काय होते, याची केली नाही. नैतिकदृष्ट्या अधिक कठीण प्रश्न त्या उंदराच्या पिंजऱ्यातच आहे.

कोणी म्हणेल, उंदीर हा तर उपद्रवी जीव. इहरामच्या अवस्थेतही त्याला मारण्याची परवानगी आहे. हे खरे आहे. ती परवानगी उपद्रव थांबविण्यासाठी आहे. पिंजऱ्यात जन्मून पिंजऱ्यात मरणाऱ्या उंदराने कोणाच्या धान्याची नासाडी केली? आणि मारण्याच्या परवानगीत छळण्याची परवानगी येत नाही. मारावयाचे झाले तरी चांगल्या रीतीने मारावे, असेच हदीसमध्ये सांगितले आहे. जिवंत प्राण्याला बांधून नेमबाजीचे लक्ष्य करण्यास प्रेषितांनी (स.) कडक मनाई केली.

मग हे संशोधन सर्वस्वी निषिद्ध मानावे काय? तसेही म्हणता येत नाही. सूरह जासियहच्या आयत १३ प्रमाणे आकाश आणि पृथ्वीतील सर्व काही अल्लाहने मानवाच्या सेवेस लावले आहे, आणि प्रत्येक आजाराला औषध असल्याचे सांगून प्रेषितांनी (स.) आपल्याला शोधास प्रवृत्त केले आहे. येथे डाग देण्याचा प्रसंग मार्गदर्शक ठरतो. गाढवाच्या तोंडावर डाग दिलेला पाहून प्रेषितांनी (स.) तसे करणाऱ्याचा धिक्कार केला. पण जकातीचे उंट ओळखू यावेत म्हणून त्यांनी स्वतः उंटांना डाग दिले, ते चेहऱ्यावर मात्र नव्हे. गरज खरी होती, म्हणून डाग देणे टळले नाही. पण सर्वांत नाजूक जागा टाळली गेली. गरज सिद्ध करावी आणि मग तीतली वेदना शक्य तेवढी कमी करावी, हा धडा त्यातून मिळतो.

कसोट्या

यावरून काही प्रश्न हाती येतात. हे प्रश्न शास्त्रज्ञाने, डॉक्टराने आणि उद्या या क्षेत्रात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी स्वतःला विचारावेत. हेतू खरोखर रोगनिवारणाचा आहे, की केवळ नफा, कीर्ती किंवा करमणुकीचा? प्राण्यावाचून हे काम होण्यासारखे आहे काय? नसेल, तर किती कमी प्राण्यांत ते होईल? आणि त्यांच्या वेदनेवर कोणता उपाय योजला आहे?

१९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी जवळपास हेच सूत्र मांडले : प्राण्याला पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना सौम्य करा. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही शक्य तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे म्हटले आहे. २०२३ साली भारताने औषध-चाचणीच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींपासून बनविलेल्या सूक्ष्म अवयवांसारख्या पद्धतींना मान्यता दिली. इन्सुलिनच्या बाबतीत जे घडले ते इतरत्रही घडू शकते. पर्याय जसजसे सिद्ध होतील, तसतशी जुनी निकडही संपेल. काल जायज असलेला प्रयोग उद्या जायज राहीलच असे नाही. चौदाशे वर्षांपूर्वी आम्हाला हे सारे शिकविले गेले, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण हदीस आपल्या ओठांवर राहिली आणि नियम इतरांनी लिहिले, ही वस्तुस्थिती आपल्याला अंतर्मुख करणारी आहे.

पेटंटचा प्रश्नही येथेच येतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हार्वर्डच्या त्या उंदरावर पेटंट देण्यास नकार दिला. पाच न्यायमूर्ती एका बाजूला होते, चार दुसऱ्या. न्यायालयांचे मत असे विभागलेले असले, तरी श्रद्धावंताच्या मनात एक गोष्ट स्पष्ट असावी. एका जनुकाचा फेर करणारा माणूस त्या जिवाचा निर्माता होत नाही. लाखो पेशी, धडधडणारे हृदय, भीती आणि वेदना जाणणारे शरीर हे सारे त्याने घडविलेले नाही. त्याच्या हाती तो जीव अमानत म्हणून आलेला आहे.

आणखी एक प्रश्न आपल्या घरचा आहे. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची प्रमुख कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही आहेत. वेळेवर तपासणी न करणे, पथ्य न पाळणे, औषध अर्धवट सोडणे यांतून आपण कित्येकदा स्वतःच निकड निर्माण करतो आणि मग दुसऱ्या जिवाकडे हात पसरतो. शरीर हीदेखील अमानत आहे. तिची राखण केली, तर कितीतरी जिवांवरचे ओझे हलके होईल.

त्या गृहस्थांना मी पुढच्या जुम्याला भेटलो. त्यांच्या बंधूंसाठी दुआ केली आणि जे वर लिहिले ते थोडक्यात सांगितले : हा उपचार आज हाती नाही, उद्या तो सिद्ध झाला आणि दुसरा मार्ग उरला नाही, तर शरीअतची सवलत निःशंक मनाने घ्या. मग मी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि वडिलांना म्हणालो, याला गप्प करू नका. औषध घेताना शिफा देणाऱ्या अल्लाहचे आभार मानावेत आणि ज्या मुक्या जिवाच्या द्वारे ती शिफा पोहोचली त्याचाही हिशेब होणार आहे, हे स्मरणात ठेवावे. या मुलाने जे विचारले, ते आखिरतच्या दिवशी आपल्या सर्वांना विचारले जाऊ शकते.

अल्लाह आजाऱ्यांना शिफा देवो, आपल्या शास्त्रज्ञांना लाभदायक ज्ञान देवो आणि आपल्या अधीन केलेल्या प्रत्येक जिवाशी दयेने वागण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.